बरं होण्याचं गाणं

शिर्डीत समाधी मंदिराच्या आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये हार-प्रसादाच्या दुकानांत दिवसभर साईंची गाणी चालू असतात. पूर्वी ती नुसती ऐकू यायची, आता भिंतीवरच्या टीव्हीवर आणि गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर दिसतातही. त्यातली बरीचशी गाणी एकच गोष्ट सांगतात. खाटेवर पोर निपचित पडलेलं. उशाशी आई. डॉक्टर गळ्यातला स्टेथोस्कोप काढतो, मान हलवतो आणि निघून जातो. बाप अनवाणी शिर्डीची वाट धरतो. उदी कपाळाला लागते, कोरस चढतो, पोराची बोटं हलतात, डोळे उघडतात. कडवं संपायच्या आत पोर उठून बसतं.

ही गोष्ट मला जवळची वाटते. घरातलं कुणी आजारी असताना अशा गाण्यापाशी क्षणभर थांबला नाही असा माणूस विरळा. आजारातून उठणं हा तर शिर्डीच्या साऱ्या कथेचा कणा. पण मुळात ते उठणं पाच मिनिटांचं नव्हतं. ते तेवढं कसं झालं, वाटेत काय गळालं आणि काय टिकलं, त्याचा हा माग.

मागे जात गेलं की आपण एका जात्यापाशी पोचतो. गोविंद रघुनाथ दाभोलकर, म्हणजे हेमाडपंत, यांच्या ‘श्री साईसच्चरिता’चा पहिला अध्याय याच प्रसंगाचा आहे. हेमाडपंत एका सकाळी मशिदीत गेले, तर बाबा तोंड धुऊन दळायच्या तयारीत. जमिनीवर पोतं अंथरलं, त्यावर जातं मांडलं, सुपात गहू घेतले, कफनीच्या बाह्या सारल्या आणि खुंटा ठोकून मुठी मुठी गहू वैरायला सुरुवात केली. ज्याला ना घर ना संसार, जो भिक्षेवर जगतो, त्याला पीठ कशाला हवं? बातमी गावात गेली. चार बायका आल्या, बाबांच्या हातातून खुंटा ओढून घेतला आणि त्यांच्याच लीला गात दळायला बसल्या. दळण संपलं तेव्हा त्यांनी पिठाचे चार वाटे केले, आपापल्या घरी न्यायचे म्हणून. बाबा खवळले, आणि मग म्हणाले, हे पीठ न्या आणि गावाच्या शिवेवर टाका. हेमाडपंतांनी लोकांना विचारलं तेव्हा उलगडा झाला: गावात महामारी, म्हणजे पटकी पसरली होती, आणि हा तिच्यावरचा उपाय होता. त्यानंतर साथ ओसरली, असं ग्रंथ सांगतो.

या प्रसंगाचा अर्थ श्रद्धावान एका रीतीनं लावतील, वैद्यकाचा अभ्यासक दुसऱ्या. मला तो एक दृश्य म्हणून विलक्षण वाटतो. इथे गाणं आहे, ठेका आहे, चित्र आहे आणि रोगातून सुटका आहे, आणि या चारही गोष्टी एकाच कामात गुंफल्या आहेत. गाणं बायकांचं आहे, कष्टाचं आहे. जातं फिरतं तेवढा वेळ ते चालतं. पीठ पडायला वेळ लागतो, शिवेपर्यंत चालत जायला वेळ लागतो. बरं होतं ते अख्खं गाव. कुणा एकाच्या चेहऱ्यावर प्रकाश पडत नाही. हेमाडपंतांना याच प्रसंगातून चरित्र लिहायची प्रेरणा झाली, आणि त्यांनी ते लिहिलं तेही ओवीत. द्वारकामाईत, म्हणजे त्याच मशिदीत, ते जातं आजही ठेवलेलं आहे. दर्शनाच्या रांगेतले लोक त्याच्याकडे ओझरतं पाहून पुढे सरकतात.

दुसरा पुरावा जामनेरचा. हाही सच्चरितातलाच, तेहेतिसाव्या अध्यायातला. नानासाहेब चांदोरकर तेव्हा जामनेरला मामलेदार होते. त्यांची मुलगी मैनाताई बाळंतपणात अडली होती. इकडे शिर्डीत बाबांनी रामगीर बुवांना, त्यांना ते बापूगीर म्हणत, खानदेशात निघालेलं पाहून थांबवलं आणि सांगितलं, वाटेत जामनेरला उतर. बरोबर दोन वस्तू दिल्या: उदीची पुडी, आणि शामा या भक्ताकडून कागदावर लिहवून घेतलेली माधव अडकरांची आरती. रात्री-अपरात्री जळगाव स्टेशनवर टांगा कसा मिळाला, तो कुणी धाडला, ही गोष्ट भक्त अजूनही रंगवून सांगतात. माझं लक्ष त्या दोन वस्तूंवर खिळतं. औषध आणि गाणं एकाच हातानं, एकाच वेळी पाठवलं होतं. उदी पाण्यातून पाजायची आणि आरती म्हणायची. मुलगी सुटली. आज शिर्डीत आणि घरोघरी जी आरती म्हटली जाते ती अशी एका अडलेल्या बाळंतिणीच्या उशाशी म्हटली गेली होती, हे किती जणांना ठाऊक असतं?

सच्चरितातल्या बाकीच्या आजारांकडे बारकाईनं पाहिलं तर त्यात चमत्काराइतकीच शुश्रूषा आहे. सुरुवातीच्या काळात बाबा स्वतः औषधं देत. एकाचे डोळे लालबुंद सुजले होते, तर बाबांनी बिब्बे ठेचून त्याच्या गोळ्या केल्या, डोळ्यांवर बसवल्या आणि वर फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडून डोळ्यांवर पाण्याची धार धरली. रोगी रात्रभर पट्टी बांधून पडला होता, हे ग्रंथ वगळत नाही. नारायणगावचे भीमाजी पाटील 1909 मध्ये क्षयानं रक्त ओकत आले. त्यांना भीमाबाईच्या घरात, ओलसर जमिनीवर राहायला सांगितलं. तिथे त्यांना दोन स्वप्नं पडली. एकात मास्तर छड्या मारतोय, दुसऱ्यात कुणी छातीवर बसून दगडी वरवंटा फिरवतोय. त्या वेदनेतून गेल्यावर ते बरे झाले. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. तिथल्या माणसाचं बरं होणंही असं दोन दृश्यांत, जणू दोन प्रवेशांत, सांगितलं गेलं याचं मला नवल वाटत नाही. आणि अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांच्या मुलाला प्लेगच्या गाठी आल्या तेव्हा बाबांनी कफनी वर करून अंड्याएवढ्या गाठी आपल्याच अंगावर दाखवल्या. दुसऱ्याचा रोग आपल्या देहावर घेणं, ही दाखवण्याची रीत पुढे पडद्याला फार मानवली.

या साऱ्यात भागोजी शिंदे हे नाव मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. भागोजी महारोगी होता. बोटं झडलेली, अंगाला पू आणि दुर्गंधी. 1910 च्या दिवाळीत बाबांनी धुनीत हात घातला आणि तो भाजला. कुठल्या लोहाराच्या बाईचं मूल भट्टीत पडलं, त्याला वाचवण्यासाठी, असं ते म्हणाले. नानासाहेबांनी मुंबईहून डॉक्टर परमानंद यांना औषधपाण्यासह आणलं, पण बाबांनी पट्टी काही बांधू दिली नाही. ते काम भागोजीचं. तो रोज हाताला तूप चोळायचा, वर पान ठेवायचा आणि फडकं बांधायचा. हात बरा झाला, तरी ही सेवा थांबली नाही. 15 ऑक्टोबर 1918 ला बाबांनी देह ठेवला, तोवर ती रोज चालू होती. लेंडी बागेत जाताना बाबांच्या डोक्यावर छत्री धरायचा मानही भागोजीचाच. त्याचा रोग मात्र गेला नाही. शिर्डीच्या मूळ कथेत बाबांच्या सगळ्यांत जवळ बसलेला माणूस बरा न झालेला आहे, आणि तोच दुसऱ्याची जखम बांधतो आहे.

हे सगळं शिर्डीबाहेर गेलं ते कीर्तनातून. गणपत दत्तात्रेय सहस्रबुद्धे, म्हणजे दासगणू, नगर जिल्ह्यातल्याच अकोळनेरचे, पोलीस खात्यातले शिपाई. लावण्या रचायचा नाद असलेला हा माणूस बाबांच्या सांगण्यावरून कीर्तनकार झाला आणि ठाण्या-मुंबईपर्यंत साईंचं नाव घेऊन गेला. ते कीर्तनात बाबांची तसबीर शेजारी ठेवत. एकदा शिर्डीत कीर्तनाला निघताना त्यांनी अंगरखा, उपरणं, फेटा असा थाट केला, तर बाबांनी विचारलं, नवरदेवासारखा नटलास कशाला? काढ ते सगळं. तेव्हापासून दासगणू कमरेच्या वर उघड्या अंगानं, गळ्यात माळ आणि हातात चिपळ्या घेऊन उभे राहिले. कुणी याला वेशभूषेचा किस्सा म्हणेल. मी त्याला दिग्दर्शन म्हणतो. समोरचा माणूस कसा दिसला म्हणजे त्याचं गाणं खरं वाटेल, याचा तो निर्णय होता. उत्तररंगातल्या आख्यानात आजारी माणूस, त्याची तगमग, नवस आणि सुटका हे सगळं एकटा कीर्तनकार आवाजानं आणि हातवाऱ्यांनी उभं करायचा. गाण्यासोबत चित्र दाखवायची रीत आपल्याकडे त्याहूनही जुनी. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी रंगवलेल्या पोथीचं एकेक पान समोर धरून गात गात कथा सांगतात. पान उलटलं की प्रसंग बदलला.

पान उलटायच्या जागी काळच आकुंचित करायची युक्ती आली ती त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांबरोबर, म्हणजे शिर्डीच्या शेजारच्याच नाशिक जिल्ह्यातल्या माणसाबरोबर. चित्रपटाच्या ध्यासापायी रात्रंदिवस डोळ्यांना ताण देऊन त्यांची दृष्टी गेली होती आणि उपचारांनंतर ती परत आली. पुढे कॅमेरा हाती आल्यावर त्यांनी भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. ‘अंकुराची वाढ’ पाहणाऱ्यांना मिनिटा-दोन मिनिटांत बी फुटून वेल वर चढताना दिसला. मराठी माणसाच्या पडद्यावर वाढीची पहिली गोष्ट ही अशी आली, आणि तिच्यात महिना लपलेला होता. इथून पुढे बरं होणंही असंच मिटवून दाखवता येणार होतं.

प्रभातचा ‘संत तुकाराम’ 1936 चा, दामले-फत्तेलाल यांचा. त्यात गौरीनं रंगवलेली तुकारामांची बायको जिजाई आजारी पोराला घेऊन तडक देवळात जाते आणि विठोबावर पायताण उगारते. पोर बरं होतं. चमत्कार पडद्यावर आहेच, पण पाहणाऱ्याच्या लक्षात राहते ती जिजाई: तिचा संताप, तिचं पोरासाठी देवाशी भांडणं. शुश्रूषा करणाऱ्या बाईला इथे मधली जागा आहे. ती रडत बसत नाही, जाब विचारते. नंतरच्या भक्तिगीतांतल्या उशाशी बसून डोळे पुसणाऱ्या आया पाहिल्या की मला हीच जिजाई आठवते आणि ती कुठे हरवली याचं वाईट वाटतं.

शिर्डीच्या चित्राला ठरीव रूप आलं ते 1954 मध्ये. मुंबईचे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी इटालियन संगमरवरातून घडवलेली मूर्ती 7 ऑक्टोबरला, विजयादशमीच्या दिवशी, समाधी मंदिरात बसली. हाताशी एक कृष्णधवल छायाचित्र, त्यावरून ही मूर्ती. त्यानंतर जगात कुठेही साई म्हटलं की तीच बैठक, तोच कलता चेहरा. पुढच्याच वर्षी कुमारसेन समर्थ यांचा ‘शिर्डीचे साईबाबा’ हा मराठी चित्रपट आला.

मग 1977. त्या एका वर्षात अशोक भूषण यांचा ‘शिर्डी के साईबाबा’ आला, ज्यात सुधीर दळवींनी बाबा साकारले, आणि 27 मे रोजी मनमोहन देसाईंचा ‘अमर अकबर अँथनी’ आला. दळवींचा चेहरा घराघरांतल्या देव्हाऱ्यापर्यंत पोचला. पण आजच्या गाण्यांचं व्याकरण दुसऱ्या चित्रपटातल्या एका गाण्यानं घडवलं. गाणं आनंद बक्षींचं, चाल लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांची, गळा मोहम्मद रफींचा आणि पडद्यावर ऋषी कपूरचा अकबर, धंद्यानं कव्वाल.

ते गाणं एकदा आवाज बंद करून बघावं. निरुपा रॉयची आंधळी आई गुंडांपासून जीव वाचवत पळते आहे. ती ठेचकाळते, चाचपडते. तिला काही दिसत नाही, पण आपल्याला सगळं दिसतं: मागचे गुंड, वाटेत आडवा आलेला नाग. देवळात गर्दी आहे, हिरवे-भगवे कपडे एकत्र आहेत, दिवे आहेत. कॅमेरा कधी अकबरच्या चेहऱ्यावर, कधी पांढऱ्या मूर्तीवर, कधी त्या बाईच्या मिटल्या पापण्यांवर जातो. प्रत्येक फेरीत या तिघांमधली अंतरं कमी होत जातात. रफींचा आवाज वरच्या पट्टीत जातो तेव्हा मूर्तीच्या डोळ्यांतून दोन ज्योती निघतात, हवेतून तरंगत येतात आणि तिच्या डोळ्यांत शिरतात. तिला दिसायला लागतं. समोर गाणारा तिचाच मुलगा आहे, हे अजून दोघांनाही ठाऊक नाही.

हे दृश्य फसवं आहे असं मी म्हणणार नाही. त्यात एक मोठी खरी गोष्ट आहे: हिंदू आईला मुसलमान घरात वाढलेला मुलगा साईंच्या देवळात गाऊन दृष्टी मिळवून देतो, आणि फाळणीनंतरच्या देशाला त्या दोन ज्योतींत काय दिसलं असेल ते समजू शकतं. पण बिब्ब्याची पट्टी आणि ही ज्योत शेजारी ठेवून पाहा. पट्टीला एक रात्र लागली होती. ज्योतीला तानेएवढा वेळ पुरला. बांधणारे हात गेले, सोडून धुणारे हात गेले. राहिला फक्त प्रकाश.

पुढची वाट सरळ आहे. ऐंशीच्या दशकात कॅसेट घरोघरी गेली, मग व्हीसीडीचा जमाना आला आणि प्रत्येक आरती-भजनाला चित्राची गरज पडली. चित्रपटाकडे अडीच-तीन तास होते, अल्बममधल्या गाण्याकडे पाच मिनिटं. तेवढ्यात आजार, धावपळ आणि सुटका बसवायची तर 1977 ची ज्योत हाच तयार साचा होता. ज्योतीच्या जागी उदी आली, आईच्या जागी कधी मूल आलं, आणि एक नवं पात्र शिरलं: मान हलवणारा डॉक्टर. संकट गडद करायला दिग्दर्शकाला तो सोपा पडतो.

या डॉक्टरवर मात्र माझा राग आहे. ज्या संस्थानाच्या दानपेटीत भक्त पैसे टाकतात त्याच संस्थानाची साईबाबा रुग्णालय आणि साईनाथ रुग्णालय अशी दोन मोठी रुग्णालयं शिर्डीत उभी आहेत, तिथे हृदयाच्या शस्त्रक्रिया होतात, कोविडच्या काळात तिथे रुग्णांवर उपचार झाले. उदी आणि ऑपरेशन थिएटर इथे एकाच गावात, एकाच पैशावर चालतात. बहुतेक भक्त दोन्हींवर विसंबतात आणि त्यांना त्यात काही विसंगत वाटत नाही. गाण्यात मात्र एकाला जिंकवायचं तर दुसऱ्याला हरवावं लागतं. खोट्या इलाजांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा 1954 चा आहे, महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा. भक्तिगीतांना कुणी कोर्टात खेचावं असं मला वाटत नाही. पण आजारी मुलाची आई ते गाणं पाहते तेव्हा तिच्या हातातली गोळ्यांची पट्टी चुकूनही खाली ठेवली जाऊ नये, एवढी काळजी गाणं करणाऱ्याने घ्यायलाच हवी.

दरम्यान मोबाईलने एक वेगळीच वाट काढली. मुंबईहून कसारा घाट चढून, घोटी-सिन्नर मार्गे पायी शिर्डीला येणाऱ्या पालख्यांमधले लोक स्वतःच चित्रण करतात. पायाला आलेले फोड, रस्त्याकडेला कुणी चोळून दिलेले पाय, पहाटेचा चहा, शेवटी कळस दिसल्यावर आलेलं रडू. वर एखादं जुनं गाणं लावतात. त्यात नवस फेडायला आलेला, आजारातून उठलेला माणूसही असतो आणि तो चालताना दम खातो. दम खाणं कापलेलं नसतं. 17 मार्च 2020 ला मंदिर बंद झालं आणि 16 नोव्हेंबरला उघडलं. त्या आठ महिन्यांत महाराष्ट्रभर दवाखान्यातून घरी परतणाऱ्या माणसांवर टाळ्या वाजवतानाची शेकडो चित्रणं फिरली, कितींच्या मागे आरती होती. त्यांत नर्सचा चेहरा असायचा, अर्धा मास्कखाली झाकलेला. मान हलवणारा डॉक्टर त्यांत कुठेच नव्हता.

बरं होण्यातला वेळ गाण्यात ठेवता येतो, याचे दाखले बाहेरही आहेत. अमेरिकी रॅपर लॉजिक याने 2017 मध्ये आत्महत्या रोखणाऱ्या मदतवाहिनीचा नंबर हेच शीर्षक असलेलं गाणं केलं. त्याच्या व्हिडिओतला पोरगा छळाला कंटाळून टोकापर्यंत जातो, फोन करतो, आणि मग गाणं थांबत नाही, तो मोठा होऊन संसार करतो तिथपर्यंत जातं. ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात 2021 मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवलं की हे गाणं सर्वाधिक चर्चेत असलेल्या 34 दिवसांत त्या वाहिनीवर अपेक्षेपेक्षा 9,915 फोन जास्त आले.

आणि आपल्याकडे, वरोऱ्याजवळच्या आनंदवनात, ‘स्वरानंदवन’ आहे. बाबा आमट्यांनी उभ्या केलेल्या या वसाहतीत डॉ. विकास आमटे यांनी कुष्ठरोगातून बरे झालेले, अंध, मूकबधिर, हातापायांनी अधू अशा कलाकारांचा वाद्यवृंद घडवला. त्यांच्या कार्यक्रमांची चित्रणं पाहताना जाणवतं की इथे बरं होणं अभिनयातून दाखवावं लागत नाही. रोग गेला आहे, त्याच्या खुणा अंगावर आहेत, आणि त्या खुणांसकट माणूस गातो, वाजवतो, नाचतो. औषधोपचारांना वर्षं लागली, तालमींना महिने लागले, ते सगळं त्या शरीरांत दिसतं.

शिर्डीच्या गाण्यांना हे दूरचं नाही. त्यांच्या मूळ ग्रंथातच भागोजी शिंदे बसलेला आहे. आठ वर्षं रोज तूप चोळून पट्टी बांधणाऱ्या त्या महारोग्यावर एखादं पाच मिनिटांचं गाणं कुणी केलेलं माझ्या पाहण्यात नाही. त्याला ना ज्योत लागेल, ना ग्राफिक्स. झडलेल्या बोटांनी फडक्याची गाठ कशी मारतात एवढं नीट दाखवलं, आणि खुंटा ओढून घेणाऱ्या त्या चार बायकांच्या चालीत कडवी बांधली, तर समाधी मंदिराबाहेरच्या कुठल्याही दुकानात ते गाणं लोक उभे राहून बघतील.